इंजनाला करंज पचला

चिंचमाळच्या बौद्धवाड्यातली विहीर बाहत्तरच्या दुष्काळात वाड्यातल्याच माणसांनी खांदली. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची अन् उन्हं कलली की आपल्या विहिरीत पहार घेऊन उतरायचं, असं सात महिने चाललं. चाळीस हातांवर झरा लागला. पायऱ्या खडकातच छिन्नीनं काढलेल्या, एक उंच तर एक आखूड, कुठं अख्खं पाऊल बसायचं तर कुठं नुसता चवडा. अशा अठ्ठावन्न. मारोती सोनकांबळेला ही संख्या भर झोपेतून उठवून विचारली तरी सांगता यायची, कारण वरून सतराव्या पायरीवर त्याच्या मायचा खुबा मोडला होता.

चांगुणाबाई डोईवर हंडा अन् कमरेवर घागर घेऊन वर येत होती. पाय सटकला. हंडा ठणाणत तळाला गेला. ती कपारीत अडकली म्हणून वाचली. तेव्हापासून बाज हेच तिचं गाव. जीभ मात्र शाबूत होती. भेटायला येणाऱ्या बाया हळहळल्या की म्हणायची, "खुबा मोडलाय बाई, तोंड न्हाई मोडलं. बस, तुझ्या सुनंचं सांग."

मारोतीनं तिला पाठुंगळी घेऊन वर आणलं, त्या दिवशीच मनाशी पक्कं केलं: आपल्या जिवात जीव आहे तोवर भरल्या हंड्यानं कुणी बाई या पायऱ्या चढणार नाही.

तो सातवी नापास, पण इंजनाच्या कामात त्याचा हात धरणारा मुखेडपासून जळकोटपर्यंत कुणी नव्हता. सरपंच व्यंकटरावांच्या शेतावर वीज आली तेव्हा त्यांचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं इंजन गोठ्यात पडलं अन् त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मारोतीनं दोन वर्षं त्यांच्या मोटारी अन् मळणीयंत्र विनामोबदला चालतं ठेवलं आणि त्या बदल्यात ते इंजन मागून घेतलं. पंप फार वरून पाणी ओढत नाही, म्हणून वाड्यातल्या बारा जणांनी ते दोराला बांधून विहिरीतल्या खालच्या कठड्यावर उतरवलं. वर सहा तोट्यांची सिमेंटची टाकी बांधली. रोज सकाळी मारोती एकटा खाली उतरायचा, हँडल मारायचा, अन् वरती बाया उभ्या उभ्या हंडे भरायच्या. अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत त्या पायऱ्यांवर बाईचं पाऊल पडलं नाही.

मग लातूर वेगळा जिल्हा झाल्याचा तिसरा उन्हाळा आला.

चिंचमाळ अगदी शिवेवरचं गाव. ओढा ओलांडला की नांदेड जिल्हा, अलीकडं लातूर. म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र अजून उस्मानाबादच यायचं. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या उठत होत्या, रस्ते रुंद होत होते. रोलर, ट्रक, बोअर पाडणाऱ्या गाड्या दिवसरात्र घरघरत होत्या आणि त्या सगळ्यांना डिझेलची तहान लागलेली. माणसांना पाण्याची. मृगानं सलग दुसऱ्या साली नुसतं तोंड दाखवून पाठ फिरवली होती. गावातल्या तिन्ही विहिरी उघड्या पडल्या. झिरपत राहिली ती एकटी बौद्धवाड्याची. ज्या घरच्या बाया इतकी वर्षं पदर सावरून या बाजूला वळसा घालून जायच्या, त्याही हंडे घेऊन सहा तोट्यांसमोर उभ्या राहू लागल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. चांगुणाबाईनं तेवढी आपली बाज दारात ओढायला लावली अन् रांग न्याहाळत म्हणाली, "ढकलाढकली करू नगा गं. पुरून उरंल, समद्यांला हाय."

वैशाख लागता लागता डिझेल संपलं. मारोती सायकलला कॅन बांधून जळकोटला गेला, उदगीरला गेला, तिथून उलटा मुखेडला गेला. जिथं जावं तिथं पंपावर ‘माल नाही’ अशी पाटी. बोअरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं ओळखीखातर दोन लिटर दिलं, तेवढंच.

"आता कसं वं?" त्याची बायको पंचशीला म्हणाली.

"बघू."

"बघू बघू करून टाकी भरती व्हय?"

मारोतीच्या डोक्यात ओढ्याकाठचे करंज आले. दुष्काळात सगळं रान करपलं तरी ही झाडं हिरवी. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून शेंगांनी लदलेली. करंजीचं तेल गावात दिव्यात जळायचं, बैलाच्या खरजेवर लागायचं. दिव्यात जळतं ते इंजनात का जळू नये? वाड्यातल्या पोराबाळांसकट सगळ्यांनी शेंगा गोळा केल्या, फोडल्या, आणि पोती रेवणप्पाच्या दारात नेऊन टाकली.

रेवणप्पा तेली म्हणजे पंचक्रोशीतला शेवटचा बैलघाणा. बाप कानडी मुलुखातून आलेला, त्यामुळं याच्या मराठीत मधूनच एखादा कानडी शब्द घाण्यातल्या खड्यासारखा कुरकुरायचा.

"बा तम्मा, ये धाकल्या," तो मारोतीला म्हणाला, "पोत्यात काय, सोनं हाय का?"

"करंजी हाय मामा. तेल काढून द्या. इंजनाला पाजतो."

"इंजनाला?" रेवणप्पा गदगदून हसला. "इतके दिस दिव्याला पाजलं, बैलाला चोपडलं. आता लोखंडाला बी पाजू. टाक."

ते तेल इंजनानं प्यालं. दोन लिटरच्या शिल्लक डिझेलातलं थोडं पाजून गरम केलं, मग करंजीवर सोडलं. काळा धूर ओकत का होईना, चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकायला लागलं. सहाव्या दिवशी बंद. मारोतीनं नोझल खोलून पाहिलं तर त्याच्या तोंडावर काजळीचा दगडासारखा गठ्ठा.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया पायऱ्या उतरल्या.

मारोतीचा इलाज चालला नाही. वरून दोर टाकून बादली ओढावी तर एवढ्या घरांचं भागत नव्हतं. तो सतराव्या पायरीवर उभा राहिला आणि वर येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून तिला पुढं सरकवत राहिला. पंचशीला तीनदा उतरली, तीनदा चढली. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सरजाबाई, साठीची, अठराव्या पायरीवर कलली. मारोतीनं दंडाला धरली म्हणून, नाहीतर गेलीच होती. तिची घागर मात्र आपटत, ठेचकाळत खाली गेली. सरजाबाई धापा टाकत हसली, "घागर गेली, सरजी ऱ्हायली. माझा सौदा फायद्यात." रांगेतल्या बाया हसल्या. मारोतीला हसू आलं नाही.

त्याच दुपारी तो नोझल चिंधीत बांधून मुखेडला निघाला. तिथल्या कॉलेजच्या विहिरीवरचं इंजन त्याच्याच देखरेखीखाली होतं, म्हणून शिपायापासून सगळे ओळखायचे. प्रयोगशाळेत थोडं स्पिरिट मिळालं तर काजळी सुटेल, एवढाच हिशेब. शाळेचा वर्ग सोडल्यानंतर असल्या खोलीत तो पहिल्यांदाच पाय ठेवत होता, म्हणून उंबऱ्याशीच घुटमळला.

आत सौदामिनीबाई होत्या. रसायनशास्त्र शिकवायच्या. नांदेडच्या राहणाऱ्या, वडील शाळामास्तर, लग्नाच्या आधीपासून नोकरी करणाऱ्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलायची सवय.

"आत या की, मारोतराव. स्पिरिट कशाला हवंय?"

त्यानं चिंधी सोडली. बाईंनी नोझल उजेडात धरलं.

"डिझेलची काजळी अशी नसते."

"डिझेल न्हाई बाई. करंजीचं तेल व्हतं." मारोती अपराध्यासारखा खाली बघत म्हणाला. आता हसतील, असं त्याला वाटलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढून त्याच्यापुढं ठेवलं. "बसा. सगळं सांगा. पहिल्यापासून."

त्यानं विहीर सांगितली, पायऱ्या सांगितल्या, माय सांगितली, सरजाबाईची घागर सांगितली. इतकं बोलायचं म्हणून तो आला नव्हता. सांगून झाल्यावर बाईंनी नोझल पुन्हा उचलून बघितलं. मग म्हणाल्या, "तेल जळतं, पण ते जड आहे. कसं सांगू? एकाच जोखडाला तीन बैल बांधलेत असं समजा. अरुंद गल्लीतनं ते जातील का?"

"अडकतील."

"नोझलपाशी तेच होतं. जोखड तोडायचं आणि तीन बैल सुटे करायचे. तेलात मिथिल स्पिरिट घालायचं आणि जरासा कॉस्टिक सोडा. बैल स्पिरिटाबरोबर मोकळे चालू लागतात, पातळ होतात. जोखड जड, ते तळाला बसतं. त्याचं नाव ग्लिसरीन."

"मंग सोडा काय करतो?"

"सोडा नुसतं घडवून आणतो. त्याला आम्ही उत्प्रेरक म्हणतो."

"म्हंजे दलाल."

"दलालच. पण दलाली न घेणारा."

"असला मानूस आमच्या बाजारात न्हाई बाई," मारोती म्हणाला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

बाईंनी हे कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि दुकानातून आणलेल्या करडीच्या तेलावर चंचुपात्रात करूनही बघितलं होतं. अर्धा लिटर. वीस लिटर करायचं तर स्पिरिट चार लिटर लागणार. ते विषारी, पेट घेणारं. वाटेल त्याला मिळत नाही. बाईंनी स्वतःच्या सहीनं नांदेडहून मागवलं आणि पुढच्या रविवारी पिशवीत तराजू, थर्मामीटर अन् जेवणाचा डबा घेऊन मुखेडच्या एस.टी.तून चिंचमाळला उतरल्या. कॉलेजातली बाई आपल्या गावात, आपल्यासाठी, सुट्टीच्या दिवशी, तीही वैशाखाच्या उन्हात. मारोतीला काय करावं सुचेना. त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि रेवणप्पाच्या अंगणापर्यंत छातीशी धरून नेली.

रेवणप्पानं नवं तेल तयार ठेवलं होतं. "बाई, असलं तेल तुमाला नांदेडात बघायला भेटायचं न्हाई," तो म्हणाला. "समदं मन लावून काढलंय."

तेल कोमट केलं. सोडा स्पिरिटात विरघळवला, तेलात ओतला, मारोतीनं लाकडी दांड्यानं तासभर ढवळलं. बाई म्हणाल्या, आता झाकून ठेवा. सकाळी वर सोनेरी, खाली काकवीसारखं काळं असं दोन थर दिसतील.

बाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. सकाळी दिसला एकच थर. पिवळा, घट्ट, दह्यासारखा. मारोतीनं बोट घातलं, चोळलं, तर फेस आला.

साबण झाला होता.

बातमी वाऱ्यासारखी फिरली. व्यंकटराव सरपंच मुद्दाम बघायला आले. "मारोती, इंजन घासून काढनार का आता?" चांगुणाबाई बाजेवरून म्हणाली, "साबन झाला ते बेस झालं. पर धुवायला पानी कुठाय, ते बी तुझ्या बाईला इचार." सगळे खो खो हसले. मारोतीही हसला, कारण न हसून काय करणार? पण आत काहीतरी तुटलं होतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्यानं मागितलं होतं, एका शिकल्यासवरल्या बाईनं आपला रविवार दिला होता, आपलं नाव लावून विष मागवलं होतं, आणि त्याचं झालं काय, तर साबण. पहाटे तो पुन्हा सतराव्या पायरीवर उभा राहिला.

संध्याकाळी पंचशीलानं उरलेलं करंजीचं तेल दिव्यात घातलं. दिवा लागला आणि तडतडू लागला. मारोती चूलखंडाला पाठ लावून बसला होता. मान न वळवता म्हणाला, "काय तडतडून राहिलंय?"

"दिवा. रेवणमामाच्या घान्याचं तेल हाय, तडतडनारच."

"का बरं?"

"का बरं म्हंजे? पानी मारल्याबिगर घाना तेल सोडतो व्हय? दोन दिस तडतडंल, मंग गप हुईल." ती भाकरी थापत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "असं काय बघून राहिलात?"

मारोती उठून उभा राहिला होता. घाण्यात बी भरडलं गेलं की तेली मूठभर पाणी शिंपडतो, मग बी तेल सोडतं. हे त्याला ठाऊक होतं, पंचशीलाला, मायला, गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या सौदामिनीबाईंना, कारण त्यांनी बाटलीतलं तेल बघितलं होतं, घाणा नाही. आणि त्यांना सांगावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण असली गोष्ट कुणी कुणाला सांगतं का?

सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ त्यानं चिठ्ठी दिली. सातवी नापास अक्षरात एवढंच: साबण झाला. तेलात घाण्याचं पाणी असतंय. त्यानं बिघडलं का? दुपारच्या गाडीनं उत्तर आलं, त्यात बाईंचं अक्षर घाईघाईत तिरकं झालेलं: त्यानंच बिघडलं. थेंबभर पाण्यानंसुद्धा सोडा भलतीकडं वळतो आणि साबण करतो. मला हे कुणी सांगितलं नसतं तर मी जन्मभर सोड्यालाच दोष देत बसले असते. बिनपाण्याचं तेल मिळेल का?

आता अवघड काम होतं ते रेवणप्पाला सांगायचं.

मारोती घाण्यावर गेला तेव्हा रेवणप्पा बैलाची मान खाजवत होता. मारोतीनं दोनदा खाकरून, तीनदा विषय बदलून शेवटी सांगितलं. रेवणप्पाचा हात बैलाच्या मानेवरच थांबला.

"म्हंजे माझ्या पान्यानं नास केला."

"तसं न्हाई मामा."

"तसंच हाय. तुला ठावं हाय का कोनतं पानी व्हतं ते? घरात दोन घागरी येत्यात. एक प्यायची, एक सैपाकाची. करंजी कडक बी, लई पानी मागतंय. म्या प्यायच्या घागरीतलं घातलं. सून कावली. तिला म्हनलं, गप, मारोती समद्या गावासाठी करून राहिलाय." त्यानं तोंड फिरवलं. "आन् आता सांगतो, नीरु घातलं म्हनून वाट लागली."

दुष्काळात माणसानं आपल्या तोंडचं पाणी दुसऱ्याच्या कामात शिंपडलं होतं आणि त्याला ते चुकलं म्हणून सांगायला हा आला होता. तो घाण्याच्या काठावर टेकला. रेवणप्पाच म्हणाला, "बिनपान्याचा घाना माझ्या बापाला बी जमला नसता. तेल निघायचंच न्हाई."

"मंग न्हाई जमवायचं मामा. तुमी तुमच्या रीतीनं काढा. पानी मी नंतर काढतो."

"तेलातनं पानी काढनार? चिमट्यानं?"

"तडतडंल तवर उकळतो. तडतड थांबली की पानी गेलं."

रेवणप्पानं त्याच्याकडं बघितलं. बघता बघता त्याच्या मिशा हलल्या. "जिलेबीवाला सांगंल तुला ह्ये, कालेजात कशाला जायाचं?" असं म्हणून तो उठला आणि बैल जुंपला.

दुसरा घाणा निघाला. मारोतीनं मोठ्या कढईत तेल चढवलं आणि कान देऊन बसला. आधी भाजीला फोडणी पडावी तसा तडतडाट. मग सावकाश, एकेक थेंब. मग लांब लांब अंतरावर एखादा. मग कढई गप्प. तरी त्यानं अजून अर्धा तास जाळ ठेवला. विस्तवापासून लांब, दुसऱ्या अंगणात नेऊन तेल निवू दिलं. बाई नवं स्पिरिट घेऊन आल्या होत्याच, थर्मामीटर बुडवून म्हणाल्या, "आता." सोडा, स्पिरिट, ढवळणं, झाकणं. या वेळी बाई मुक्कामाला राहिल्या. पंचशीलानं घोंगडीवर धुतलेली वाकळ अंथरली, आणि बाई चांगुणाबाईच्या बाजेशेजारी आडव्या झाल्या.

पहाटे झाकण काढलं. वर सोनेरी, खाली काळं.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पदरानं डोळे पुसले, घाम पुसावा तसे. मारोतीनं वरचं वेगळं काढून घेतलं. मग बाई जरा संकोचानं म्हणाल्या, "आता एकदा हे पाण्यानं धुवावं लागेल. सोड्याचा अंश राहतो."

चांगुणाबाईनं कपाळावर हात मारला. "काल म्हनं पानी काढा, आज म्हनं पानी घाला! मास्तरीन हाय का सासू?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "काय करू आजी, आधी घातलं तर वैरी, नंतर घातलं तर मैतर."

दोन घागरी पाणी गेलं त्या धुण्यात. एक पंचशीलानं दिली. दुसरी कुणाची म्हणून मारोती बघू लागला, तर सरजाबाई घरातून घेऊन येत होती. धुतलेलं तेल पुन्हा गरम करून, निववून, दुहेरी फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरलं तोवर दिवस बराच वर आला होता. रांग टाकीपासून देवळापर्यंत गेलेली. बायांनी पदर खोचून ठेवले होते. इंजन नाही चाललं तर उतरायचं, हे ठरलेलं.

मारोती कॅन घेऊन खाली गेला. कठड्यावर इंजन गार पडलेलं. त्यानं स्पिरिटानं साफ केलेलं नोझल बसवलं, टाकी भरली, हवा काढली, हँडल लावलं. वरून गोल आभाळ दिसत होतं आणि त्याच्या कडेला डोकीच डोकी. त्याच्या मनात आलं, आपण एकट्यानं काही केलं असं यात काहीच नाही. विहीर बापानं अन् त्याच्या सोबत्यांनी खांदली, शेंगा पोरांनी वेचल्या, तेल रेवणप्पाचं, विद्या बाईंची, पाण्याची खूण पंचशीलाची. आपलं काय? हँडल. मग निदान ते तरी जोरानं मारू.

पहिल्या झटक्याला नुसतं हुंकारलं. दुसऱ्याला एक ठोका पडून गप्प. तिसऱ्याला त्यानं अंगातलं सगळं बळ दंडात आणलं, लिव्हर सोडला, आणि इंजनानं ठोका धरला. एक, दोन, दहा. धूर आला तो पांढुरका, विरळ. आवाज जड नव्हता, खोकला नव्हता. मग पंपानं पाणी धरलं तशी ठोक्याची लय किंचित खाली बसली, पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाच्या चालीसारखी, आणि तिथंच टिकली. खालून मारोतीला टाकी दिसत नव्हती. त्याला फक्त वरून एक आवाज ऐकू आला, दोन-तीनशे बायांचा एकदम, ज्यात शब्द काहीच नव्हते.

तो वर आला तेव्हा सहाही तोट्या चालू होत्या. सगळ्या वाड्यात तळणाचा वास पसरला होता. उदगीरला जाणारी मुखेडची एस.टी. ओढ्याच्या चढावर थांबली, ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडून विचारलं, "कुनाच्या घरी भजे काढून राहिलेत?"

"इंजन जेवायला बसलंय," चांगुणाबाई बाजेवरून ओरडली. "भजे न्हाईत, पानी हाय. उतरा समदे, पिऊन जावा."

प्रवासी उतरले, ओंजळी लावून प्याले. कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही.

परतीच्या गाडीला अवकाश होता. मारोती सौदामिनीबाईंसमोर उभा राहिला. उपकार कसे मानतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वाड्यात कुणी कुणाला आभार म्हणत नाही, फार तर ताट वाढतात. "बाई," तो म्हणाला.

पंचशीला मधे आली. "बाई, तुमी जेवल्याबिगर गाडी हालनार न्हाई. ड्रायव्हरला सांगून ठेवू. ज्वारीची भाकर हाय अन् अंबाडीची सुकी भाजी. चालंल ना?"

"चालेल काय, पळेल," बाई म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. जेवता जेवता मारोतीला म्हणाल्या, "मारोतराव, पुढच्या सोमवारी कॉलेजात या. मुलांना तुम्ही सांगायचं, तडतड कशी ऐकायची ते. मी नुसती बाजूला उभी राहीन."

"मी? कालेजात?"

"पुस्तकात ते पान नाही. तुमच्याकडं आहे."

मारोतीनं मान खाली घातली. मग त्यानं बाईंच्या ताटात अजून एक भाकर वाढली.

रेवणप्पा मात्र टाकीपाशीच उभा होता, दोन्ही हात कमरेवर, पाण्याकडं बघत. मारोती त्याच्याजवळ गेला. "मामा," तो म्हणाला, "तेल..."

"उद्या अजून चार पोती आनून टाक," रेवणप्पा म्हणाला. "ह्ये वीस लिटर आठवडाभर पुरंल, पुढं काय? आन् आयक तम्मा, म्या पानी मारनारच. घाना माझा हाय. तू उकळ, बाईला धुवू दे, काय करायचं ते करा. पन माझ्या घान्याला कुनी कोरडं काढ म्हनून सांगायचं न्हाई."

"मारा मामा, दोन मुठी जास्त मारा," मारोती म्हणाला. "त्याबिगर तेल न्हाई, आन् तेलाबिगर काहीच न्हाई."

त्या उन्हाळ्यात डिझेल पुन्हा मिळू लागेपर्यंत इंजन चौतीस दिवस करंजीवर चाललं. दर आठवड्याला एक घाणा, एक कढई, एक रविवार. सौदामिनीबाईंचे पाच रविवार गेले. सहाव्याला त्यांनी वर्गातल्या मुलांनाच पाठवलं. मारोती रोज सकाळी एकटाच खाली उतरत राहिला, हँडल मारत राहिला. बाया वर, तोट्यांपाशी, सुनांची गाऱ्हाणी सांगत, हंडे भरत.